भाकर वाळायच्या आत

दिग्रसजवळच्या तांड्यात मानीबाईच्या घरी लेक किती लांब द्यायची, हे भाकर ठरवायची. पूर्वज बैलांवर धान्य लादून मुलूखभर फिरायचे, तेव्हापासूनचा हा कायदा. आईच्या हातची भाकर सकाळी फडक्यात बांधून निघायचं, अन् ती वाळायच्या आत लेकीच्या दारात पोचायचं. पोचली तर सोयरीक, नाहीतर रामराम.

तिच्या लेकीचं, ममताचं घोडं तिथंच अडलं. तिला पुसदकडचा शाम पाहिजे होता, पण तो नोकरीला बंगळुरात. मानीबाईच्या भावानं आणला होता नागपूरचा पोरगा.

"याडी, नागपूरहून इमानानं फक्त पावणेदोन तास," ममता आईला म्हणाली. "नऊशे किलोमीटर."

"नऊशे? भाकरीचा पापड होईन!"

"पावणेदोन तासात? तेवढा येळ तं तुले चहा प्याले लागते."

मानीबाईला हिशेब पटला नाही, परीक्षा पटली. शामनं तिकीट काढलं. भाकर घेऊन निघाला नेमसिंग, ममताचा बाप. त्याला पोरीची बाजू घ्यायची होती, पण भाकरीपुढं बोलायची त्याची टाप नव्हती.

एसटीच्या खिडकीची काच लागत नव्हती. यवतमाळला गाडी बदलली तेव्हा भाकरीच्या कडा उठल्या होत्या. नागपूर आलं तेव्हा टिचकी मारली तर टणक वाजली.

विमानतळावर तपासणीवाल्यानं फडकं सोडलं.

"ये क्या है?"

"भाकर."

"खाने के लिए?"

"नाही जी, तपासाले नेऊन राह्यलो."

तपासणीवाला तरी दुसरं काय करत होता? त्यानं फडकं पुन्हा नीट बांधून दिलं.

विमानाची काच तर उघडतच नव्हती. नेमसिंग अधूनमधून टिचकी मारून कान लावायचा. शेजारच्या बाईनं जागा बदलून मागितली.

बंगळुरात शाम न्यायला आला होता. त्याच्यासमोरच नेमसिंगनं घरी फोन लावला.

"वाळली," तो म्हणाला. मानीबाईशी खोटं बोलला असता, पण भाकरीबद्दल नाही.

"कुठं वाळली?" मानीबाईनं विचारलं.

"एसटीत. नागपूरच्या अलीकडंच."

"अन् इमानात?"

"इमानात काहीच नाही झालं. जशी चढली तशी उतरली."

पलीकडे मानीबाई गावं मोजू लागली: दिग्रस, यवतमाळ, नागपूर.

"म्हंजे बंगळूर दूर नाही," ती म्हणाली. "नागपूर दूर हाय. भावाले आजच सांगतो, येवढ्या लांब मी लेक देत नसतो."

"मंग शामले काय सांगू?"

"त्याले भाकर द्या. दात कसे हायेत, ते पाहा."

शामनं दोन्ही हातांनी भाकर धरली अन् जोर लावून चावली. तुकडा काही निघाला नाही.

"चव भारी हाय, काका," तो म्हणाला.