पिवळं डोकं

“आज मॅचला मी काचेला चिकटूनच बसणार,” लेम्पी म्हणाली. “तुझं पिवळं डोकं नीट दिसलं पाहिजे. पुन्हा थोडंच दिसणार आहे!”

“बस की. कोण नको म्हणतंय?” इल्पोने कॉफीचा कप तिच्या हाताशी सरकवला. लेम्पीने कप चाचपून घेतला. एकोणऐंशी वर्षांच्या त्या बाईच्या नजरेचा मधला भाग चार वर्षांपूर्वीच गेला होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, हे मोतीबिंदूसारखं कापून काढता येत नाही. माणसाचा चेहरा नाही, जर्सीवरचा आकडा नाही, रंग तेवढा कळायचा. पण कायसलाम्पी गावच्या आइस हॉकी संघात तिचा पोरगा तिला बिनचूक सापडायचा, कारण सगळ्या पांढऱ्या हेल्मेटांत एकच हेल्मेट सोनेरी असतं आणि ते इल्पोच्या डोक्यावर असतं.

तसा नियमच आहे. गोल करणाऱ्याला एक गुण, त्याच्यापर्यंत रबरी चकती पोचवणाऱ्यालाही एक. संघात ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, त्याने पुढच्या मॅचला सोनेरी हेल्मेट घालायचं, त्याची हौस असो वा नसो. हौस नसायचं कारण असं, की समोरच्या संघाला ठोकायला नेमका माणूस सापडतो. इल्पो आठ मोसम असा ठोकून घेत होता. दिवसा लाकडाच्या गिरणीत, संध्याकाळी बर्फावर. दोन मोसमांपूर्वी गुडघ्यातून पाणी काढायची पाळी आली, तेव्हा वेसाने त्याला पहिल्या फळीतून तिसरीत टाकलं आणि यंदा चौथीत, म्हणजे सगळ्यांत कमी वेळ बर्फावर उतरणाऱ्यांत. वेसा म्हणजे त्यांचा कोच, लहानपणी एकाच गोठलेल्या तळ्यावर याच्याबरोबर पडत-धडपडत शिकलेला. “तुझे पाय संपले, इल्पो,” असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. पाय संपले हे खरंच होतं. पण गोलसमोर नेमकं कुठे जाऊन उभं राहायचं ते काही संपलं नव्हतं. त्या जोरावर अडतिसाव्या वर्षीही गडी गुणांत पुढे होता. म्हणजे बुधवारपर्यंत तरी बरोबरीत होता. संघातल्या तरण्या तेरोचे तीस, याचे तीस.

आणि आज शेवटची मॅच. इल्पोने जाहीर करून टाकलं होतं, यानंतर बास.

“शेजारच्या सगळ्यांना सांगून ठेवलंय मी,” लेम्पी म्हणाली. “म्हटलं, माझा इल्पो सोनेरी हेल्मेट घालूनच घरी येणार. ऐकतोयस ना?”

“ऐकतोय, आई.”

ऐकत होता, पण डोक्यात बुधवारची मॅच होती.

बुधवारी दुसऱ्या गावात काय झालं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. गोलमागच्या फळीशी चौघंजण एकमेकांत गुंतले होते. त्या झटापटीतून चकती बाहेर आली ती तेरोच्या स्टिकवरून, इल्पोच्या दोन स्केट्सच्या मधून, आणि गोलसमोरच्या त्यांच्याच गड्याने ती आत ठोकली. पंच सरकत आला आणि म्हणाला, “पास कुणाचा? तुझाच ना, अकरा नंबर?” इल्पोला दम लागला होता. त्याने मान हलवली. बस, तेवढंच. मान हलवली आणि एकतिसावा गुण त्याच्या नावावर चढला. तेरो दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने तोंडातून ब्र काढला नाही.

आज सकाळच्या सरावानंतर सगळे सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, बसले. एकेक जण उठून गेला आणि वरच्या फळीवर इल्पो आणि तेरो दोघंच उरले. तेरो चोवीस वर्षांचा, बेकरीवाल्याचा मुलगा, तोंडाने भलता फटकळ. त्याने तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं.

“सोसतंय ना, म्हाताऱ्या? का अँब्युलन्स बोलावू?”

“टाक अजून. तुझ्या बापाबरोबर बसलोय मी इथे.”

तेरो हसला. वाफ अंगावर आली, दोघांनी माना खाली घातल्या.

“बुधवारचा तो पास,” इल्पो म्हणाला, “तुझा होता.”

“हं.”

“मग बोलला का नाहीस?”

तेरोने खांदे उडवले. “जाऊ दे ना. शेवटची मॅच तुझी. मला काय, अजून दहा वर्षं आहेत. घाल एकदा, काय बिघडतंय?”

पोरगं मनापासून बोललं होतं. त्यात टोमणा नव्हता, उपकाराचा आव नव्हता. आणि तेच इल्पोला झोंबलं. मांडीवर स्टिकचे फटके खाल्ले होते, तीन दात गेले होते, प्रेक्षकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, पण बर्फावर कुणी त्याची कीव केली नव्हती. आज चोवीस वर्षांचं पोर पाठीवर हात फिरवून म्हणत होतं, घे बाबा, तुला देतो. इल्पो उठला, टॉवेल गुंडाळला आणि बाहेर पडला. लाज वाटली त्याला, अगदी आतून वाटली.

ऐला मॅचची नोंद ठेवायची. एरवी पोस्टात बसायची, त्यामुळे कागदाच्या बाबतीत कुणाच्या बापाला भीक घालायची नाही. मॅचला तासभर असताना इल्पो तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

“बुधवारचा एक गुण माझा नाही. तेरोचा लिही.”

ऐलाने चष्म्यावरून पाहिलं. “शुद्धीवर आहेस ना रे? बुधवारचं बुधवारी सांगायचं.”

“आज सांगतोय. पुढच्या मॅचपर्यंत दुरुस्ती चालते, तूच सांगायचीस.”

“चालते. पण का?” तिने आवाज खाली आणला. “इल्पो, सगळं गाव आलंय तुला बघायला. तुझी आई तासभर आधी येऊन बसलीय. तेरो तक्रार करतोय का?”

“नाही.”

“पंच?”

“नाही.”

“मग तुझ्याच पोटात का दुखतंय?”

“मी खोटी मान हलवली, ऐला. लिही आता.”

ऐलाने एक लांब उसासा सोडला, नोंदीचा कागद ओढला आणि दोन आकडे खोडले. “गाढव आहेस,” ती म्हणाली आणि सही करायला पेन त्याच्या हातात दिलं.

सोनेरी हेल्मेट इल्पोच्या डोक्याच्या मापाचं होतं. त्याने कपडे बदलायच्या खोलीत बसून त्याचे स्क्रू सैल केले, तेरोचं डोकं मोठं म्हणून दोन खाचा वाढवल्या, पुन्हा आवळले. तेरो आत आला आणि आपल्या जागेवर ते बघून लालबुंद झाला.

“मी मागितलं होतं का?”

“तू नाही मागितलंस. तुझं आहे म्हणून दिलं. ऐलाने लिहिलंय, जाऊन भांड तिच्याशी.”

वेसा दारातून बघत होता. तो खाकरला आणि कुठल्या फळीत कोण खेळणार ते वाचायला लागला.

आईला सांगायला हवं होतं. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा संघ बर्फावर निघाला होता. पांढरं हेल्मेट घालून तो सगळ्यांच्या शेवटी बाहेर आला. लेम्पी काचेला चिकटून बसली होती. गोंगाट सोसत नाही म्हणून कानातलं यंत्र तिने नेहमीसारखं पर्समध्ये टाकलं होतं. तेरो समोरून गेला आणि ती दोन्ही हात वर करून हलवायला लागली. इल्पो तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला. काचेवर टकटक करावं असं त्याला वाटलं. पण करून सांगणार काय, आणि ऐकणार कोण? तो पुढे सरकला.

मॅच त्याला फार वाईट गेली नाही आणि फार चांगलीही गेली नाही. एक जोरकस फटका त्याने पायावर घेऊन अडवला, त्याला थोड्या टाळ्या पडल्या. तेरोने मात्र दोन गोल ठोकले. दुसऱ्या वेळी अख्खं स्टँड पाय आपटत उठलं. इल्पो बेंचवरून बघत होता. पिवळ्या डोक्याकडे बघून त्याची आई रडत होती.

शेवटी फुलं मिळाली, हस्तांदोलनं झाली, वेसाने मिठी मारताना दोनदा पाठीवर थोपटलं आणि नाक पुसत आत पळाला.

कपडे बदलून इल्पो खालच्या कॅफेत आला. आई दालचिनीचा पाव पुढ्यात घेऊन बसली होती. तेरो काउंटरपाशी सॉसेजवर मोहरीचा सॉस फासत होता.

“दोन गोल!” इल्पोची हाक ऐकताच लेम्पीने हात पुढे केला. कानातलं यंत्र तिने परत घातलं होतं. “या वयात दोन गोल केलेस, पोरा! तुझे बाबा असते ना...”

तेरोचा हात मोहरीच्या बाटलीवर थांबला. इल्पोने त्याच्याकडे पाहिलं. एका गुणासाठी इल्पो स्वतः मॅचआधी ऐलाशी भांडून आला होता. आता तोंड उघडलं की आईचा हा दिवस गेला, आणि असा दिवस तिला पुन्हा मिळणार नव्हता.

“आम्हाला धाप लागली, लेम्पीकाकू,” तेरो टेबलापाशी येऊन म्हणाला. “म्हातारा कुणाला ऐकेना आज.”

इल्पो कानकोंडा होऊन खुर्चीवर बसला.

“दुसरा कसा मारलास? मला नुसतं पिवळं पिवळं दिसलं. नीट सांग.”

इल्पोने आईचा हात हातात घेतला.

“डावीकडून आत शिरलो,” तो म्हणाला. “त्यांचा बचाववाला अंगावर आला, तसा मी चकती त्याच्या पायांतून सोडली आणि दुसऱ्या बाजूने जाऊन घेतली.”

“आणि गोलकीपर?”

“तो आधीच खाली बसला होता, काकू,” तेरो हळूच म्हणाला. “वरचा कोपरा मोकळा होता.”

“मग?”

“मग काय, आई,” इल्पो म्हणाला. “मारला.”