माहेरचा पाय

गुऱ्हाळावर एकट्याने गुळाची ढेप उचलून दाखवा, असं माझ्या सासऱ्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. पण महिपती तात्यांना सांगायची सणसर गावात पद्धतच नव्हती. तेच सगळ्यांना सांगायचे. ढेप वीतभर उचलली गेली, कमरेत उसण भरली, आणि ढेप तिथेच राहून तात्यांनाच चौघांनी उचलून घरी आणलं. साल छत्तीसचं, माघाचा महिना.

बारामतीला डॉक्टर होता. पण तात्यांना सुईचं भय. ते भय त्यांनी, "इलायती औषीद आमच्या घराण्यात चालत न्हाय," अशा रुबाबात सांगितलं. मग बिनऔषधाचे उपचार सुरू झाले. रुईची पानं तापवून बांधली. विटेचा शेक दिला, आणि वीट जरा जास्तच तापली होती हे तात्यांच्या बोंबेवरून कळलं. तालमीतला म्हस्कू पैलवान आला. त्याने अशी काही मालिश केली की जिथे दुखत नव्हतं तिथेही दुखायला लागलं. जाताना म्हणाला, "दुखनं जागा बदलाय लागलंय. चांगली खूण हाय."

उसणीवर आमच्याकडे खरा इलाज एकच मानतात. जन्माला येताना ज्याचे डोक्याआधी पाय बाहेर आले, अशा पायाळू माणसाने दुखऱ्या पाठीला तीन वेळा पाय लावायचा. शेजारच्या बेलवाडीत भीमा नावाचा पायाळू होता. पण कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून तात्यांनी त्याला भर चावडीत शिव्या घातल्या होत्या. भीमा यायला तयार नव्हता असं नाही. तो फारच तयार होता, तीच धास्ती होती.

दुसरी पायाळू मी, त्यांची सून फुला. लग्नाआधी लोणी भापकरला माझ्या पायासाठी पार सुप्याहून माणसं यायची. लग्न झालं आणि पायाची कामगिरी संपली. सुनेने पाय फक्त चालायला आणि दुसऱ्यांचे चेपायला वापरायचे असतात. माहेरही तुटलं. कारण तसंच मोठं होतं. लग्नाच्या पंगतीत तात्यांच्या आधी माझ्या मामाच्या पानावर वाढलं गेलं. एवढ्यावरून पाच वर्षं ना दिवाळी, ना पंचमी. आदल्याच दिवाळीला माहेरून सांगावा आला, आई अंथरुणाला खिळलीय, पोरीला पाठवा. तात्या म्हणाले, "गाडी मोकळी न्हाय." आई जाईल आणि मला एकदम तेराव्याला नेतील, या भीतीने तीन महिने माझ्या घशाखाली घास धड उतरत नव्हता. पण सुनेच्या घासाकडे बघतं कोण?

शेवटी सासूबाईच बोलल्या. "घरातच पायाळू हाय की वो."

"सुनंचा पाय? माझ्या पाठीला?" तात्या गरजले. "त्यापरीस मेलेलं बरं!" एवढ्यात त्यांना खोकला आला. उसण भरलेल्या माणसाला खोकला यावा, यासारखी शिक्षा नाही. खोकला थांबल्यावर डोळे पुसत म्हणाले, "भटजीला बोलवा."

भटजींनी पंचांग उघडलं, मिटलं आणि निवाडा दिला. सुनेने सासऱ्याला पाय लावणं हे घोर पाप. पण परगावच्या लेकीने लावला, तर तो निव्वळ उपचार. तेव्हा सुनेने माहेरी जावं, माहेरचं पाणी प्यावं, आणि माहेरची लेक होऊन परत यावं. तात्यांनी अंगणात पालथं पडावं. तिने उंबऱ्याबाहेरच तीन वेळा पाय लावावा, आणि मगच उंबरा ओलांडून पुन्हा सून व्हावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाच वर्षं मोकळी नसलेली गाडी पहाटेच्या आत जुंपून दारात उभी राहिली.

"पानी पी आनि तशीच माघारी फीर," तात्यांनी पालथ्या पालथ्या हुकूम सोडला.

गाडी हाकायला माझा नवरा, रामहरी. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, घेतलं. बारामतीला बैलांना वैरण टाकली आणि दिवस कलताना लोणीत पोचलो. त्याने गाडी दारात उभी केली. बैल सोडले नाहीत.

आई भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडली होती. एवढीशी झाली होती. तिला वळता येईना, म्हणून मीच पलीकडे जाऊन तिच्या तोंडासमोर बसले. तिने माझा चेहरा चाचपला आणि विचारलं, "कोन मेलं गं?"

"कोन न्हाय. मामंजींच्या कमरंत उसन भरलीया."

सगळी हकीकत ऐकून आई हसली. हसताना कण्हली. मग म्हणाली, "माझी पाठबी दिवाळीपास्नं धरलीया. लाव पाय."

मी चरकले. "तुला? आईला पाय कसा लावू? पाप लागंल."

"अगं, जगात आलीस तवा आदी पायच आला तुजा. पयली लाथ मलाच बसली. तवा कुनी भटजीला इचारलं व्हतं?"

मला हुंदका फुटला. पाच वर्षांत जे रडले नव्हते ते सगळं तिथे रडून घेतलं. मग पदर खोचून उठले आणि आईच्या पाठीला पाय लावला. कातड्याखाली नुसती हाडं लागली. इतकं हळुवार मी कधी तान्ह्या लेकरालाही धरलं नसेल. आई म्हणाली, "दाब की जरा. मोडत न्हाय मी."

दुसऱ्यांदा पाय उचलला तोच दारातून रामहरीचा आवाज आला. "प्यालीस का पानी? चल बिगी बिगी. तात्या तिकडं अंगनात पडून ऱ्हायल्यात."

पाच वर्षांत नवऱ्याला उलटून बोलायची हिंमत मला झाली नव्हती.

"तात्यास्नी सांगा," मी आतूनच म्हणाले, "पाय अजून सासरचाच हाय. माहेरचा व्हायाला लई दिस लागत्याल."

 बाहेर बैल सोडल्याचा आवाज आला.