शाफ्टच्या मानेवरचा लाल डाग

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. लालबागच्या एका गाळ्यात, पोटमाळ्यावर, फाटक्या चादरीखाली पडून आहे.

संपात गिरणी बुडाली तेव्हा फिटर शामरावांनी हा गाळा थाटला. पुढे त्यांची लेक कौसल्या दादरच्या क्लासात शिकून आली आणि माझे इथे येणे झाले. ती माझ्या पडद्यावर यंत्रांचे सुटे भाग काढायची. कुठे किती ताण पडेल ते मी रंगात दाखवायचो. लाल दिसले की समजावे, इथे तुटणार. मग चित्र फ्लॉपीवर घेऊन शेजारच्या मशीनला दिले की ते लोखंड तासू लागे. "माझो संगणक आधीच सांगता," असे शामराव येईल त्याला ऐकवायचे आणि मी फुगून जायचो.

एका नवरात्रात शिवडीचे धोंडू कोळी आले. बोटीवर जाळे ओढणाऱ्या विंचचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, त्यांना हवा होता.

"दसऱ्याला दे रं शामराव. बोट किनाऱ्याला बसून हाय."

घाईत कौसल्येने फ्लॉपी आधी मशीनला लावली आणि ताण मागाहून तपासला. शाफ्टची मान लालभडक! तिने दुसरे चित्र काढून मान जाड केली, पण तोवर खंडेनवमीची पूजा मांडून झाली होती. माझ्या तोंडावर झेंडूची माळ होती, पुढ्यात नारळ.

"बाबा, मान तुटेल. नवं चित्र फ्लॉपीवर घेते."

"आज नको गो. हत्यारां पूजेक बसली हत. उद्या घे."

दसऱ्याला सकाळीच ती ठाकूरद्वारला मावशीकडे सोने द्यायला गेली. इकडे धोंडू दारात उभे. शकुनाला मशीन फिरवायचे, ही गिरणीतली रीत. सणाच्या गडबडीत लेकीचे बोलणे शामरावांच्या ध्यानातून गेले. मशीनमध्ये होती तीच जुन्या चित्राची फ्लॉपी त्यांनी चालवली आणि निघालेल्या शाफ्टला हळदकुंकू लावून धोंडूंच्या हाती दिला. मी माळेआड गप्प. विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही, मित्रांनो.

कौसल्या परतली, ऐकले आणि तशीच शिवडीला धावली. बोट गेली होती.

भर समुद्रात शाफ्ट मानेपाशीच तुटला. सुटलेला दोर धोंडूंचा धाकटा भाऊ लवू याच्या छातीवर बसला. बोट परतली ती त्याचे प्रेत घेऊन.

मशीन विकले गेले. कौसल्येने मला पुन्हा हात लावला नाही. दर दसऱ्याला शामराव मात्र शिडी चढून येतात, मला झेंडूचे फूल वाहतात आणि चादर ओढून खाली उतरतात.

मित्रांनो, हत्यारांची पूजा जरूर करा, पण माळ घालताना आमचे तोंड झाकू नका. ती लाल मान माझ्या पोटात अजून तशीच आहे. शामरावांनी ती एकदाही पाहिलेली नाही.