अवो, मीठ बगा

आई गेली तेव्हा मी टूवूंबाला बाबांकडे दोन आठवड्यांसाठी आले होते. आता चौथा महिना चालू आहे. तिकडे विमानाच्या अंतरावर, कॅसल हिलच्या आमच्या घरी माझा नवरा यतिन आणि मुलगी अनुष्का माझ्याशिवाय राहतात. मी इथे बाबांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिसचं काम करते आणि अकरा वाजले की तो मिटून माशाचं सार करायला उठते.

बाबा वेंगुर्ल्याचे. सार आणि भात नसेल तर दुपारचं जेवण झालं असं ते धरत नाहीत. सत्तावीस वर्षांपूर्वी परदेशात, इथल्या युनिव्हर्सिटीत शिकवायला म्हणून आम्हाला घेऊन आले तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला होता, "समुद्र खंय?" दोन तासांवर, असं कळल्यावर ती आठवडाभर बाबांशी धड बोलली नाही. मग तिने ड्रायव्हिंग शिकून घेतलं. बाबांनी प्रयत्न केला होता, पण तिसऱ्याच दिवशी शेजारच्यांचा लेटरबॉक्स आडवा केला आणि तो विषय घरात बंद झाला. तेव्हापासून बाबा मागच्या सीटवर पेपर वाचणार आणि आई गाडी चालवणार. राउंडअबाउटला कोणी आडवा घुसला की आई काच खाली करून शांतपणे म्हणायची, "मेल्या, डोळे घराक ठेवन इलंस?" समोरचा हसून हात करायचा. त्याला वाटायचं, बाई थँक्स म्हणतेय.

शुक्रवारी किनाऱ्याकडून मासेवाल्याचा ट्रक येतो. आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, तिचं इंग्रजी तिथलं. ती सुरमईचे कल्ले उघडून विचारायची, "व्हेन डिड ही एक्स्पायर?"

"धिस मॉर्निंग, लव्ह."

"लुक अ‍ॅट हिज फेस. ही इज डेड सिन्स ट्यूजडे."

मासेवाला तिला घाबरायचा आणि तिच्यासाठी चांगला तुकडा बर्फाखाली लपवून ठेवायचा. आता मी जाते तर तो तोच तुकडा काढून देतो, पण मला काही विचारता येत नाही. मी फक्त थँक्स म्हणते.

आई स्वतः सार कधी चाखायची नाही. तिच्या माहेरी शिजवणाऱ्याने आधी तोंड लावायचं नाही अशी रीत होती. उकळी फुटली की ती तिथूनच हाक मारायची, "अवो, मीठ बगा." बाबा येऊन तळवा पुढे करायचे, ती डावाने चार थेंब टाकायची, बाबा चाटून निकाल द्यायचे. बहुतेक वेळा निकाल एकच. "वायच होया." अजून थोडं हवं. आई म्हणायची, ह्या माणसाला समुद्रात बुडवला तरी वायच मीठ होया म्हणेल.

मला मालवणी कळते, पण मी ती कधी बोलले नाही. ती त्या दोघांची आपसातली भाषा होती. मी बाबांना "बाबा, मीठ बघा ना" असं म्हणायचे आणि तेही तसेच यायचे. इतपत ठीक होतं.

परवाच्या बुधवारी ऑफिसची मीटिंग लांबली. कानात हेडफोन, गॅसवर सार, भाताच्या कुकरची दुसरी शिट्टी, आणि वरून अनुष्काचा फोन. "मम, डॅडने परत पास्ता केलाय. इट्स फाइन. नो वरीज." ती रागावलेली नव्हती. तिला सवय झाली होती, आणि तेच मला लागलं. फोन ठेवला, डाव उचलला आणि हाक मारली,

"अवो, मीठ बगा."

"इलंय," बाहेरून आवाज आला.

बाबा आले. तळवा पुढे केला. मी चार थेंब टाकले. "वायच होया," म्हणाले आणि परत जाऊन पेपर उघडला.

मी डाव हातात घेऊन उभी राहिले. मुलगी बापाला अवो म्हणत नाही. ती हाक बायकोची. माझ्या तोंडून ती गेली आणि त्यांनी ती घेतली, आणि दोघांपैकी कोणी अडखळलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं अंगण दिसतं. आईचा कढीपत्ता, कपड्यांची दोरी, कुंपण. मला एकाएकी कळलं की पुढची वीस वर्षं मी या खिडकीतून हेच बघू शकते आणि कोणालाही त्यात वावगं वाटणार नाही. मलासुद्धा.

जेवणं झाल्यावर मी यतिनला फोन केला. तो नेहमीसारखा म्हणाला, "तुझ्या सोयीने ये गं, बाबांचं बघ आधी."

"रविवारचं तिकीट काढ," मी म्हटलं. "आत्ता. मी फोनवर थांबते."

बाबांना सांगायला मला शुक्रवार उजाडला. मासे आणले, सार ठेवलं. मी हाक मारली नाही, पण उकळीचा वास गेला असावा. ते आपणहून आले आणि तळवा पुढे करून उभे राहिले.

"बाबा, मी रविवारी जाते."

"जातंय म्हणा नको," ते सवयीने म्हणाले. "येतंय म्हण."

"येते नाही. जाते. घरी. राहायला."

तळवा तसाच होता. रेषांमध्ये पेपरची शाई लागलेली. मला वाटलं, आता विचारतील, मग माझं काय. त्याचं उत्तर मी दोन दिवस पाठ केलं होतं.

"तुझी आवस अ‍ॅम्ब्युलन्सात चढताना येतंय म्हणान गेली," बाबा म्हणाले. "सार तापवन जेवा, येतंय, म्हणाली. मी रात्री आठ वाजेपर्यंत वाट बगीत ऱ्हवलंय. हॉस्पिटलाक फोनसुद्धा केलंय नाय. येतंय म्हणाली होती ना." त्यांनी हात खाली घेतला. "जातंय म्हटलेलाच बरा. कळता तरी."

हे त्यांनी मला आजवर सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. मी गॅस बारीक केला. पाठ केलेलं उत्तर आता कुठेच बसत नव्हतं, आणि तिकीट रद्द करता येतं हेही मला माहीत होतं. "रद्द करते" हे तोंडापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं.

बाबा खुर्ची ओढून बसले. टेबलावरचा माझा लॅपटॉप हळूच बाजूला सारला.

"मगे पुढच्या शुक्रवारी मासेवाल्याकडे मी कसो जातलंय, ता सांग."

"बस आहे, बाबा. कोपऱ्यावरून. दीड तासाने एक."

"आणि परत येताना?"

"तीच. फिरून येते."

"दीड तासान?"

"दीड तासाने."

ते उठले, ड्रॉवरमधून पेन काढलं आणि पेपरच्या कोपऱ्यावर लिहायला लागले. "हळू सांग," म्हणाले. "थांबो खंयचो?"