शेगडीमागची नळी

मी एक जुनी रबरी नळी आहे. मित्रांनो, सिलिंडरमधला गॅस शेगडीपर्यंत पोहोचवणं हे माझं काम. नवी होते तेव्हा माझा केशरी रंग बघून काकू म्हणाल्या होत्या, "नळी कशी भक्कम आहे!" तेवढंच काय ते माझं कौतुक. माझी मुदत माझ्याच अंगावर छापली आहे, पण ती बाजू भिंतीकडे आहे.

घरातले काका शिंपी. त्यांची साखर वाढली आणि डॉक्टरांनी सकाळचा पाव बंद केला. तेव्हापासून काकू न्याहारीला दोन अंडी फोडतात. चमचाभर साय, मीठ, मिरपूड घालून फेटतात, मंद आचेवर लोणी वितळवतात, कडेकडेनं ढवळतात आणि ओलसर असतानाच उतरवतात. काका स्वतःच्याच कमरेला टेप लावून बघतात आणि खूश होतात. काकांना खूप जगायचंय, काकूंना त्यांना जगवायचंय. मला त्यांचा हेवा वाटायचा.

एकदा ओटा पुसताना काकूंनी शेगडी मागे ढकलली. मी वाकले ती वाकलेलीच राहिले. आच सोसून सोसून कडक झाले आणि परवा त्या वाकणावर मला चीर गेली.

माणसानं सावध व्हावं म्हणून गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो. पण तो सुटला नेमका अंडी फोडताना.

"अहो, अंडी सडकी निघाली!"

काकूंनी ती फेकली, खिडकी उघडली, म्हणून त्या दिवशी निभावलं. काल तर त्यांनी अंडीवाल्याला फैलावर घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला ओरडता येत नाही. माझी बारीकशी फुसफुस काकांच्या शिलाई मशीनच्या खडखडाटात बुडून जाते.

आज थंडी आहे. खिडक्या बंद आहेत. सिलिंडर काकूंनी आधीच चालू करून ठेवला आहे आणि चीर कालच्यापेक्षा रुंद आहे. मला फार भीती वाटते आहे. काकांनी पातेल्यात पाणी घेऊन नवी अंडी सोडली.

"सडकं असेल ते तरंगेल बघ."

सगळी तळाशी निमूट बसली.

"ही तर ताजी आहेत गं."

"मग वास कसला येतोय?"

"कालचाच राहिला असेल. तू पेटव, मला भूक लागलीये."

काकूंनी लायटर उचलला आहे.

मित्रांनो, असा वास आला तर काहीही पेटवू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा. आणि वास नसतानाही अधूनमधून शेगडीमागे वाकून बघत जा. तिथं माझ्यासारखी कुणीतरी असते.

काकू अजून वाकलेल्या नाहीत.