मारुतीचा पाट

अप्पाजीरावांनी रिकाम्या पाटावरची तुळस सारखी केली आणि हनुमंतबुवांच्या कानाशी वाकून म्हटलं, "राम अयोध्येच्या वेशीत आला की आरती."

चिपळ्या पुसणारा बुवांचा हात थांबला. "आणि पट्टाभिषेक?"

"यंदा नको."

कुंभकोणच्या कथा-उत्सवाचा आज शेवटचा दिवस. रामकथा ऐकायला मारुती येतो म्हणून पाट मांडायचा, रामाला राज्याभिषेक झाला की विडा देऊन त्याला निरोप द्यायचा आणि मगच पाट उचलायचा, ही इथली चाल. अप्पाजीरावांना चाल ठाऊक होती, तसा वाराही ठाऊक होता. तंजावरची गादी खालसा होऊन फार काळ लोटला नव्हता. उत्तरेत शिपाई बिथरले होते. आणि ज्यांच्या शब्दावर अप्पाजीरावांच्या मुलाची, सेतूची, कचेरीतली नेमणूक अडली होती, ते शिरस्तेदार कल्याणराम आज कथेला येणार होते. अशा माणसापुढं राजा गादीवर बसवायचा? जयजयकाराची अप्पाजीरावांना भीती नव्हती. साहेबाकडं जाणाऱ्या कागदात त्याचं पुढं इंग्रजीत काय होईल, याची होती.

"निरोप न मिळालेला पाहुणा जाणार कुठं, राव?"

"माकडाला वाट दाखवावी लागत नाही, बुवा."

खांबाआड गोमतीबाई वाती वळत होत्या. नवऱ्याच्या विनोदाला त्या एरवी हसत. आज हसल्या नाहीत.

ऊन कलताच कल्याणराम आले. मागोमाग त्यांची सून, पदर पोटावरून घट्ट ओढलेली. अप्पाजीरावांनी त्यांना पुढंच बसवलं, पाटाशेजारी.

बुवा रंगले. लंका पडली, विमान निघालं, भरत वेशीवर धावत आला. मंडळी गुडघ्यांवर उठली, घोषणेसाठी छातीत श्वास भरून. तेवढ्यात बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. टाळ कसेबसे आरतीकडं वळले. भरलेले श्वास तसेच परत गेले.

निरांजन पुढं आलं. कल्याणरामांनी हात वर केला नाही.

"पुढचं?"

"वेळ फार झाला, म्हणून..." अप्पाजीराव म्हणाले. बाहेर अजून उजेड होता.

"हिची दोन बाळं पाळण्यापर्यंत पोचली नाहीत. या खेपेस पट्टाभिषेक ऐकवीन, असं बोललो होतो देवाला."

अप्पाजीराव बुवांकडं वळले. "बुवा, उभे राहा की पुन्हा."

"आरती झाली, राव. आता पुढच्या चैत्रात."

"कथा थांबवायला सांगितलं कुणी?" कल्याणरामांनी विचारलं.

बुवा चिपळ्या फडक्यात गुंडाळत राहिले. अप्पाजीरावांनी जळत्या वातीची काजळी झाडली. नीट जळत होती ती; विझली.

कल्याणराम उठले. सुनेनं प्रसादाला ओंजळ पुढं केली होती. त्यांनी मानेनं नको म्हटलं.

"तुमचा सेतू," जाताजाता ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "उद्या कचेरीत पाठवा त्याला. एकट्यालाच."

घरापुढचा मंडप रिकामा झाला. द्रोणांत प्रसादाच्या हरभऱ्यांचं सुंडल तसंच राहिलं होतं. अप्पाजीराव पाट उचलायला वाकले, तोच गोमतीबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"असू दे. मारुतीरायांना जा म्हटलं नाही कुणी."

मुक्कामाच्या पाहुण्यासाठी ठेवतात तसा त्यांनी पाटाशी पाण्याचा तांब्या ठेवला, वर फुलपात्र पालथं घातलं. मग शिरस्तेदार गेले त्या वाटेकडं एकदा पाहून ओसरीवर हसत बसलेल्या सेतूला हाक मारून आत घेतलं, आणि दाराला कडी लावली.