वर्षातले दोन रविवार

मी एक जुना गुलाबी झगा आहे. चर्चमध्ये मिस्सेच्या, म्हणजे उपासनेच्या वेळी फादर अंगावर घालतात, तो. मित्रांनो, आमच्या कपाटात प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. हिरवा साध्या रविवारी राबतो. पांढरा नाताळात आणि ईस्टरला मिरवतो. लाल गुड फ्रायडेचा, आणि जांभळा पश्चात्तापाच्या दिवसांचा, सदा तोंड पाडलेला. त्या जांभळ्या आठवड्यांच्या अधेमधे माझे दोनच रविवार येतात: नाताळाआधीच्या चार रविवारांतला तिसरा आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळातला चौथा. त्या दिवशी बायबलचं वाचनही आनंद करा असंच सांगतं.

मला काकूंनी शिवलं. त्यांचे यजमान, म्हणजे काका, चर्चची देखभाल करायचे. पहिल्यांदा मला पाहून गाणाऱ्या मुली फिसकन हसल्या. फादर आज आईस्क्रीम झालेत म्हणे! काकूही पदराआड हसल्या. मला मात्र फार अभिमान वाटला होता.

काकू गेल्या. काकांपाशी उरलं ते हे कपाट. रोज सकाळी ते दिवसाचा झगा काढून ठेवायचे आणि वाचनाच्या पानावर फीत लावायचे. मग हळूहळू त्यांचं मोजणं चुकू लागलं. एका गुड फ्रायडेला त्यांनी लालऐवजी मला इस्त्री करून ठेवलं. फीतही आनंदाच्या पानावर. नवे फादर आत आले आणि थबकले.

"काका, आज कोणता दिवस?"

"चौथा रविवार, फादर. गुलाबी."

लाजेने माझा जीव अर्धा झाला. फादर रागावले नाहीत. आता विश्रांती घ्या, असं म्हणून त्यांनी हळूच किल्ल्या मागितल्या. काकांनी त्या लगेच दिल्या.

"घ्या," ते म्हणाले. "पण आज कुठला दिवस, हे मला आता कळायचं कसं?"

फादर लाल झगा काढायला कपाटाकडे वळले.

पुढे किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईंनी ठरवलं, दोन दिवसांसाठी वेगळा झगा कशाला, जांभळाच चालेल. मला खालच्या खणात कोंबलं. आता घडीवर मी उसवतो आहे.

नाताळाआधी एका सकाळी दारापाशी काकांचा आवाज आला. आज तिसरा रविवार आहे, गुलाबी काढा, मी नीट मोजलंय, असं ते सांगत होते. बाई मायेने म्हणाल्या, "हो काका, हो. तुम्ही जाऊन बसा बरं."

आणि त्यांनी जांभळा काढला.

मित्रांनो, तो खरोखरच तिसरा रविवार होता. बाहेर 'आनंद करा' हे वाचन सुरू झालं आणि मी खणातूनच ते ऐकलं. काका त्यानंतर कधी कपाटाकडे आले नाहीत. आज कुठला दिवस, हेही ते कुणाला सांगत नाहीत म्हणे.

मला बाहेर काढू नका हवं तर, माझी शिवण आता टिकायची नाही. पण कुणी म्हातारं माणूस तुम्हाला आजचा दिवस सांगायला आलं, तर 'हो, हो' म्हणण्याआधी एकदा कॅलेंडर बघा.